नागपूरच्या सिस्टरला लष्करात जायचंय : एमएनएस, टेरिटोरियल आर्मी आणि अधिकारी होण्याची तयारी

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकारीपदाचे, अर्ज ११ डिसेंबर २०२३ ला सुरू झाले, २६ डिसेंबरला बंद झाले आणि १४ जानेवारी २०२४ ला परीक्षा झालीसुद्धा. जाहिरात दिसल्यापासून पेपरला बसेपर्यंत जेमतेम पाच आठवडे. त्यात मॉर्निंग-इव्हनिंग-नाईटचं चक्र, घर, आणि नर्सिंग कौन्सिलच्या कागदांची शोधाशोध. जिनं तयारी जाहिरातीनंतर सुरू केली, तिचा अर्ध्याहून जास्त वेळ कागद गोळा करण्यातच गेला. म्हणून हा लेख जाहिरात नसताना वाचायचा आहे. ही भरती दरवर्षी ठरलेल्या तारखेला निघत नाही, त्यामुळे कधीही निघाली तरी आपण तयार असलं पाहिजे.

मेडिकल, मेयो, एम्स आणि धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयांतल्या मुलींकडून एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, नोकरी न सोडता आर्मीत नर्स होता येतं का? बाहेरच्या देशात तर होतं म्हणतात." तिथूनच सुरुवात करू, कारण याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय पुढची सगळी मेहनत चुकीच्या दिशेनं जाते.

पूर्णवेळ की अर्धवेळ?

अमेरिका-ब्रिटनसारख्या देशांत राखीव दल असतं. तिथली नर्स आपल्या रुग्णालयात काम करते, वर्षातले काही दिवस वर्दी घालून प्रशिक्षण घेते आणि गरज पडली की तिला बोलावलं जातं. नर्ससाठी हुबेहूब अशी सोय आपल्याकडे नाही. आपल्याकडे दोन वेगळे दरवाजे आहेत.

पहिला मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा, म्हणजे एमएनएसचा. इथे तुम्ही नर्स म्हणूनच जाता, कमिशन मिळालेली अधिकारी होता, पण काम पूर्णवेळ. देशात कुठेही बदली होते आणि सध्याची नोकरी सोडावी लागते.

दुसरा टेरिटोरियल आर्मीचा, म्हणजे टीएचा. इथे पोटापाण्याचा व्यवसाय चालू ठेवून वर्षातला काही काळ लष्करात सेवा द्यायची असते. राखीव दलाची कल्पना याच्या जवळ जाते. पण टीएच्या अधिकारी परीक्षेतून नर्स म्हणून वेगळी भरती होत नाही. तुम्ही पदवीधर नागरिक म्हणून जाता आणि प्रामुख्यानं इन्फन्ट्रीच्या तुकडीत अधिकारी होता. तुमचं नर्सिंगचं शिक्षण तिथे उपयोगी पडेल, पण तुमचं पद नर्सचं नसेल.

माझं स्पष्ट मत असं आहे : रुग्णसेवा हेच तुमचं काम आहे असं वाटत असेल, तर एमएनएस. वर्दीचं, मैदानाचं, माणसांचं नेतृत्व करण्याचं आकर्षण असेल आणि नागपूरची नोकरी सोडायची नसेल, तर टीए. दोन्हींची तयारी सोबत करता येते, अभ्यासाचा काही भाग सारखा आहे. पण मुलाखतीला बसताना मनात एकच उत्तर असावं.

पुरुष नर्सेससाठी एक गोष्ट आधीच सांगते. एमएनएस १९४३ च्या अध्यादेशावर उभी आहे आणि त्यात अधिकारी म्हणून स्त्रियांनाच नेमण्याची तरतूद आहे. बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलांनी टीएचा विचार करावा.

टेरिटोरियल आर्मी : अटी आणि वास्तव

टीएचा कायदा १९४८ चा आणि सी. राजगोपालाचारी यांनी ९ ऑक्टोबर १९४९ ला या दलाचं औपचारिक उद्घाटन केलं. नागपूरकरांना ते दूर शोधायला नको. सीताबर्डीचा किल्ला, जिथे १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इंग्रजांशी लढलं, तो आज टीएच्या ग्रेनेडियर्सच्या ११८ इन्फन्ट्री बटालियनचं ठिकाण आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडतात. टीएचा विचार करणाऱ्यानं त्यातल्या एखाद्या दिवशी जाऊन यावं.

अधिकारी होण्यासाठी वय १८ ते ४२, कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आणि कमावतं असणं आवश्यक. म्हणजे फक्त जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा, पदवी नव्हे) झालेल्या सिस्टरला ही परीक्षा देता येत नाही. पोस्ट बेसिक बीएस्सी केलेलीला येते. सैन्य, पोलीस, निमलष्करी दलात आधीच असलेल्यांना अर्ज करता येत नाही. सरकारी रुग्णालयात असाल तर ना हरकत प्रमाणपत्र लागतं. स्त्रियांसाठी हा दरवाजा दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं उघडला. तरी जागा फार थोड्या असतात. अलीकडच्या जाहिरातींत १८ जागा पुरुषांना आणि महिलांना एकच, असं प्रमाण दिसलं. स्पर्धा किती कडक आहे हे त्यावरून ओळखा.

लेखी परीक्षेत तर्कशक्ती आणि प्राथमिक गणित, तसंच सामान्यज्ञान आणि इंग्रजी. नंतर प्राथमिक मुलाखत, मग एसएसबी (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची अधिकारी निवड चाचणी) आणि वैद्यकीय. निवड झाली की लेफ्टनंट. पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण, दरवर्षी दोन महिन्यांचं शिबिर आणि पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं कमिशननंतरचं प्रशिक्षण. प्रशिक्षणावर किंवा सेवेत असतानाच पगार मिळतो, एरवी नाही.

"दोनच महिने तर जायचंय" असं मात्र घरी सांगू नका. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले, आणि ३२ पैकी १४ इन्फन्ट्री बटालियन तैनात करण्याची तरतूद केली. बोलावणं आलं की मुक्काम लांबतो. कायद्यात नोकरीवर परत घेण्याची तरतूद आहे, ती आपल्या रुग्णालयाच्या एचआरला आधीच दाखवून ठेवा.

एमएनएस : दोन वाटा

२८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबईत उतरल्या आणि हिंदुस्थानातल्या लष्करी रुग्णालयांत शिस्तबद्ध शुश्रूषा सुरू झाली. १ ऑक्टोबर १९२६ ला कायमस्वरूपी सेवा उभी राहिली. आज इथे लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंतची पदं आहेत आणि ती सगळी नर्सेसनी भूषवलेली आहेत.

बारावीच्या मुलींची वाट आधी थोडक्यात. तुमच्या धाकट्या बहिणीला सांगा. चार वर्षांचा बीएस्सी नर्सिंग, पुण्याचं एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज), मुंबईचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, शिवाय दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळुरू अशी सहा कॉलेजं, मिळून २२० जागा. पहिली चाळणी नीट-यूजीच्या गुणांची, नंतर सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकीय चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन पहिल्याच प्रयत्नात बारावी, एकत्रित किमान ५० टक्के. प्रवेशाच्या वेळी मुलगी अविवाहित, किंवा घटस्फोटित, कायदेशीर विभक्त अथवा विधवा आणि जबाबदारीमुक्त असावी लागते. शिक्षणानंतर कमिशन घेऊन सेवा करण्याचं बंधन स्वीकारावं लागतं.

आता तुमची वाट, म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशन. २०२३ च्या जाहिरातीत बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग, इंडियन नर्सिंग कौन्सिलनं मान्यता दिलेल्या कॉलेजातून, आणि राज्याच्या कौन्सिलकडे नर्स व मिडवाइफ म्हणून नोंदणी, अशा अटी होत्या. वय २१ ते ३५. सुरुवातीला पाच वर्षांचं कमिशन, पुढे मुदतवाढ मिळत कमाल १४ वर्षं. नर्सिंग, इंग्रजी आणि सामान्य बुद्धिमत्ता यांची संगणकावर परीक्षा, मग मुलाखत, मग वैद्यकीय. लेफ्टनंटचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये, त्यावर एमएनएसचा १०,८०० रुपयांचा मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता.

जीएनएम झालेल्यांनी निराश होऊ नये, पण हिशोब करावा. पोस्ट बेसिकला दोन वर्षं लागतात. तिसाव्या वर्षी प्रवेश घेतलात तर बत्तिसाव्या वर्षी पात्र व्हाल, आणि त्यानंतर जाहिरात कधी निघेल हे तुमच्या हातात नाही. बत्तिशी ओलांडली असेल तर कोर्स लष्करासाठी म्हणून नव्हे, स्वतःच्या प्रगतीसाठी करा.

लग्नाबद्दलही प्रश्न येतो. एकेकाळी लग्न केलं म्हणून एमएनएसमधून काढून टाकत. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये असंच काढलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकीला हा निकाल माहीत असला पाहिजे. आपल्याआधीच्या एका सिस्टरनं साडेतीन दशकं झगडून तो मिळवला आहे.

कागद : याच आठवड्यात हात घाला

महाराष्ट्रात अर्ज अडकतो तो नावापायी. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. कौन्सिलच्या नोंदणीवर वडिलांचं नाव गाळलेलं. लग्नानंतर पॅनकार्डवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला ही चारही नावं एकाच बाईची आहेत हे दिसतं, पण तपासणाऱ्या कारकुनाला चार बायका दिसतात.

एक कोरा कागद घ्या आणि दहावी, बारावी, पदवी, कौन्सिल नोंदणी, आधार, पॅन आणि रहिवासी दाखला अशा क्रमानं प्रत्येकावरचं नाव अक्षरशः उतरवून काढा, स्पेलिंगसकट. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. दहावीच्या सनदेला प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करायचे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर अवलंबून राहू नका. अर्ज कोणत्या नावानं भरायचा हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच.

दुसरी अडचण नोंदणीची. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते बघा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र घेऊन तुम्ही परीक्षा पास व्हाल आणि कागद तपासणीला थांबाल. कॉलेज दुसऱ्या राज्यातलं असेल, नागपुरातल्या बऱ्याच मुली छिंदवाडा, जबलपूर, रायपूरकडे शिकलेल्या असतात, तर नोंदणी महाराष्ट्रात वर्ग झाली आहे की नाही आणि कॉलेजला त्या वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता होती की नाही, हे दोन्ही तपासा.

तिसरं, अनुभवाचं पत्र. तारखा, विभाग, खाटांची संख्या आणि पद असलेलं पत्र मागा. "समाधानकारक काम केले" एवढ्या ओळीला अर्थ नाही. आयसीयूत दोन वर्षं होतात तर आयसीयू असं लिहून घ्या.

दलालांबद्दल एवढंच की कामठीच्या लष्करी छावणीत ओळख आहे, आतून काम करून देतो, असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जाहिरात जॉइन इंडियन आर्मीच्या आणि टेरिटोरियल आर्मीच्या अधिकृत संकेतस्थळावरच येते.

अभ्यास : शिफ्टच्या आजूबाजूला बसवायचा

सकाळी चारला उठून सहा तास अभ्यास करा, हा सल्ला कोचिंगवाले देतात. नाईट करणाऱ्या बाईला तो लागू होत नाही. मी वेगळं सांगते. आठवड्याचा रोस्टर हातात आला की त्याच दिवशी अभ्यास त्यावर लिहून काढा. मॉर्निंगच्या दिवशी संध्याकाळी दीड तास. इव्हनिंगच्या दिवशी सकाळी दोन तास, हाच आठवड्यातला सगळ्यात चांगला वेळ, तेव्हा गणित आणि बुद्धिमत्ता करा. नाईटच्या दिवसांत फक्त जुन्या प्रश्नांची उजळणी, नवीन काही नाही. नाईट ऑफच्या दिवशी झोप पूर्ण झाल्यावर घड्याळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा.

नर्सिंगच्या पेपरसाठी नवी पुस्तकं विकत घेण्यापेक्षा आपली बीएस्सीची पुस्तकं पुन्हा उघडा. मेडिकल-सर्जिकल, फंडामेंटल्स, बालरोग, प्रसूती, मानसिक आरोग्य, कम्युनिटी आणि वॉर्ड व्यवस्थापन. आयसीयूवाल्या मुली कम्युनिटी वाचत नाहीत, पीएचसीवाल्या व्हेंटिलेटर वाचत नाहीत. आपल्याला जे रोज दिसत नाही ते आधी वाचा.

हिशोबाची गणितं बोटांवर यायला हवीत. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेटचे थेंब मिलीला २०. तर ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, उत्तर मिनिटाला ४२ थेंब. वॉर्डात पंप लागल्यापासून हे गणित अनेकींच्या हातून सुटलं आहे. लष्करी नर्सला पंप नसलेल्या ठिकाणीही ते करावं लागेल. तसंच भाजलेल्या रुग्णाचं : वजन गुणिले भाजलेला टक्का गुणिले ४ मिली, त्यातला अर्धा पहिल्या आठ तासांत. हे आठ तास मोजायचे भाजल्याच्या वेळेपासून, रुग्णालयात पोचल्याच्या वेळेपासून नव्हे. ६० किलोचा जवान, ३० टक्के भाजला, तर ७,२०० मिली, त्यातले ३,६०० पहिल्या आठ तासांत. तो दुपारी १२ ला भाजला आणि तुमच्याकडे ३ वाजता आला तर ते ३,६०० मिली तुम्हाला पाच तासांत द्यायचे आहेत.

एकाच वेळी अनेक जखमी आले तर कोणाला आधी बघायचं, हा ट्रायेजचा भाग नीट करा. मिनिटाला ३० च्या वर श्वास, केशिका भरायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, किंवा साध्या सूचनेला प्रतिसाद नाही, यातलं एक जरी दिसलं तरी रुग्ण तातडीचा, लाल पट्टीचा. रक्तस्राव थांबवणं, टूर्निकेट आणि त्याची वेळ लिहून ठेवणं, शॉक ओळखणं, हे विषय सामान्य परीक्षेपेक्षा इथे जास्त कामाचे.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या मुलींना असते. खरं तर तुमचं वैद्यकीय इंग्रजी पक्कं आहे. कमी पडतं ते सलग वाक्य. नर्सेस नोट्स आपण तुकड्यांत लिहितो. ड्यूटी संपल्यावर घरी येऊन एका रुग्णाची नोट पूर्ण वाक्यांत इंग्रजीत लिहा, नाव-गाव न घालता. रुग्णाला कधी काय झालं, तुम्ही काय पाहिलं, कोणाला कळवलं, पुढे काय झालं. दहा-बारा वाक्यं पुरेत. रोज लिहिलं तर तीन महिन्यांत काळ, कर्ता-क्रियापद आणि अव्ययं आपोआप जागेवर येतात.

शरीर : उन्हाळा बघून

एमएनएसच्या निवडीत भर वैद्यकीय तपासणीवर आहे. टीएच्या वाटेवर एसएसबीचं मैदान आणि नंतरचं प्रशिक्षण आहे. तरी धावायचं दोघींनी. लष्कराच्या महिला शॉर्ट सर्व्हिस प्रवेशाच्या अलीकडच्या जाहिरातींत प्रशिक्षणाला येण्याआधी गाठायची पातळी दिलेली असते : १३ मिनिटांत २.४ किलोमीटर, १५ पुशअप, २ पुलअप, २५ सिटअप. तेच लक्ष्य ठेवा.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस २५ मिनिटं, दोन मिनिटं धावणं आणि दोन मिनिटं चालणं. पुढचे चार आठवडे धावण्याचा वाटा वाढवत २० मिनिटं सलग. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस ४०० मीटरचे चार ते सहा वेगवान टप्पे, एक दिवस सेमिनरी हिल्सची चढण, एक दिवस लांब आणि सावकाश. सपाट पळायला रविनगरचं विद्यापीठाचं मैदान किंवा रेशीमबाग चांगलं. पुलअप बहुतेकींना सुरुवातीला एकही येत नाही. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर घ्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. त्यातूनच पहिला पुलअप येतो.

नाईट करून थेट मैदानावर जाऊ नका. झोप न झालेल्या शरीरानं घोटा मुरगळला की दोन महिने गेले. एप्रिल-मेमध्ये नागपुरात सकाळी साडेसहानंतर धावणं बंद. पाऱ्यानं ४५ गाठलेल्या दिवसांत घरात दोरीच्या उड्या आणि जिन्याचे फेरे करा.

वैद्यकीय : आपली तपासणी आपण आधी

इथे नर्स असण्याचा खरा फायदा आहे, पण घेत कोणी नाही. हिमोग्लोबिन आजच बघा. ९ असेल तर लोह सुरू करून तीन महिन्यांनी फरक दिसेल, मेडिकल बोर्डाच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात काही होणार नाही. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. घरात कोणाला असेल, किंवा हिमोग्लोबिन सतत कमी राहत असेल, तर इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. दोन वर्षं तयारी करून बोर्डासमोर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, आणि ते तुमच्या पुढच्या संसारासाठीही महत्त्वाचं आहे.

आठ-आठ तास उभं राहणाऱ्यांनी पोटऱ्यांकडे बघावं. व्हेरिकोज व्हेन्समुळे नाकारलं जातं. कान स्वच्छ करून घ्या. ६१० सेंटीमीटरवरून कुजबुजलेले शब्द ऐकू यावे लागतात आणि मळ साचलेल्या कानानं ते जमत नाही. दात : १४ डेंटल पॉइंट, म्हणजे चांगल्या दातांसाठी मोजले जाणारे गुण, लागतात, कीड आधी भरून घ्या. उंची एमएनएसला १५२ सेंटीमीटर. वजन उंचीच्या प्रमाणात.

बोर्डानं अनफिट ठरवलं तर कारण लेखी मिळतं आणि अपील मेडिकल बोर्डाकडे जाता येतं. तिथेच हात टेकू नका. कानातला मळ, वजन, रक्तक्षय अशी सुधारण्याजोगी कारणं असतील तर अपील करायलाच हवं. मुदत मात्र थोडी असते, त्याच दिवशी अर्ज करा.

मुलाखत आणि एसएसबी

एमएनएसच्या मुलाखतीत पॅनेल तुमच्यातली नर्स आणि अधिकारी दोन्ही बघतं. "तुम्हाला लष्करात का यायचंय?" याला "देशसेवा" हे उत्तर खरंच असतं, पण ते सगळ्याच देतात. तुमच्या वॉर्डातून उत्तर द्या.

समजा विचारलं, "कठीण प्रसंग सांगा." एक मुलगी म्हणते, "सर, नातेवाईक खूप भांडत होते, मी शांतपणे समजावलं." यातून काहीच कळत नाही. दुसरी म्हणते, "रात्री दोन वाजता ३० खाटांच्या वॉर्डात आम्ही दोघी होतो. एका रुग्णाचं बीपी खाली गेलं आणि त्याच वेळी दुसऱ्याचे नातेवाईक आरडाओरडा करत आले. मी ज्युनिअरला बीपीवाल्याकडे ठेवलं, दुसरी लाइन लावायला सांगितली, रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला, आणि मग नातेवाइकांपैकी एकाला बाजूला घेतलं." इथे प्राधान्य, कामाची वाटणी आणि वरिष्ठांना कळवणं, तिन्ही दिसलं. तुमच्याकडे असे प्रसंग ढिगानं आहेत. सहा-सात निवडा आणि प्रत्येक दीड मिनिटात सांगता येईल असा मांडा. हँडओव्हर देतो तसाच क्रम : परिस्थिती काय, आधीचं काय, मला काय दिसलं, मी काय केलं.

नागपूरच्या मुलींनी उष्माघात कोळून प्यावा. वाळवंटात सराव करणाऱ्या जवानाला जे होतं, तेच मे महिन्यात आपल्या वॉर्डात येतं. ४० अंशांच्या वर शरीराचं तापमान आणि भान हरपलेलं, तर आधी थंड करायचं. पाणी, पंखा, बर्फ, गुदमार्गातलं तापमान मोजत राहायचं. पॅरासिटामॉल देऊन हा ताप उतरत नाही. हे पुस्तकातून सांगणारी आणि हातानं केलेली, पॅनेलला लगेच ओळखू येते.

टीएच्या वाटेवर एसएसबी पाच दिवसांची. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट : चित्र ३० सेकंद दिसतं, चार मिनिटांत लिहायची, मग गटात चर्चा. इथेच बऱ्याच जणांना परत पाठवतात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. शब्द दिसल्यावर १५ सेकंदांत वाक्य, असे ६० शब्द. ३० मिनिटांत ६० प्रसंगांवर तुम्ही काय कराल ते. मग मैदानावरची गटकामं, मुलाखत आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. पाठ केलेली वाक्यं उघडी पडतात, कारण चाचण्या एकमेकींशी ताडून बघतात.

नर्सेसची एक सवय इथे नडते. वॉर्डात डॉक्टर सांगतील ते करायचं वळण पडलेलं असतं, म्हणून गटात मुली गप्प राहतात, नाहीतर कुणी बोललं की मान डोलावतात. चार मैत्रिणी जमवा, रविवारी विषय काढा, प्रत्येकीनं आपलं मत कारणासह मांडायचं, दुसरीचं म्हणणं तोडायचं नाही, पुढे न्यायचं. कमांड टास्कसाठी, म्हणजे एसएसबीत इतरांकडून काम करून घेण्याच्या चाचणीसाठी, सराव वॉर्डातच आहे. ज्युनिअरला काम सांगताना "बघ जरा ते" म्हणू नका. कोणी, काय, किती वेळात, आणि झालं की मला सांग, असं बोला. इन्चार्ज नसतानाची नाईट तुमची जबाबदारी असेल तर ती मागून घ्या.

निवड झाल्यावर

जॉइनिंगचं पत्र आणि रुजू होण्याची तारीख यांत फार अंतर नसतं. अडचण येते ती सध्याच्या नोकरीची. काही खासगी रुग्णालयं मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, बाँड लिहून घेतात. परीक्षेचा अर्ज भरण्याआधीच आपला करार काढून नोटीस किती दिवसांची आहे आणि बाँड मोडला तर किती रक्कम भरावी लागेल ते वाचा. तेवढी रक्कम बाजूला टाकायला लागा. मूळ कागद कोणाकडे असतील तर शिक्षणाचं किंवा पडताळणीचं कारण देऊन आत्ताच लेखी अर्जानं परत मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. सरकारी नोकरीत असलेल्यांनी परीक्षेला बसण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी. नंतर राजीनामा मंजूर व्हायला जो वेळ लागतो, त्यात रुजू होण्याची तारीख निघून जाते.